स्टिरॉइड उतरवण्याचा हिशेब



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते औषधाचं नाव मराठीत, सुट्या मोठ्या अक्षरांत लिहून देत आणि त्याखाली ते कशासाठी आहे तेही लिहीत. त्यांच्या जुन्या रुग्णांच्या घरी तसे कागद अजून सापडतात. आज मी ज्या औषधाबद्दल बोलणार आहे, त्याच्या बाबतीत एवढी एकच गोष्ट सगळीकडे झाली असती, तर माझ्या ओपीडीत येणाऱ्या बऱ्याच अडचणी उभ्याच राहिल्या नसत्या. ते औषध म्हणजे स्टिरॉइड. ज्यांच्यापायी ते वर्षानुवर्षं घेतलं जातं असे आजार पुष्कळ आहेत. मी ऱ्हुमॅटॉइड संधिवात घेतो, कारण तो मी रोज पाहतो.

घरात कुणाला हा आजार असेल तर त्या माणसाची सकाळ तुम्हाला ठाऊक असेल. उठल्यावर बोटं ताठ झालेली असतात, मूठ वळत नाही, नळ फिरत नाही, ब्लाउजचे हूक लावायला सुनेला हाक मारावी लागते. भाकरी थापणं तर दूरच. ही आखड तासभर, कधी दोन-दोन तास टिकते आणि ऊन वर आल्यावर हळूहळू सुटते. वयाने झिजलेल्या गुडघ्याचं याच्या उलट असतं: तो चालल्यावर दुखतो, बसल्यावर थांबतो. ऱ्हुमॅटॉइडमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि पुढे कूर्चा व हाड कुरतडायला लागतं. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट दिसतो, आणि पुष्कळदा तो तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, घराचा सगळा भार अंगावर असतानाच गाठतो. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. ‘कॉपकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा तो भाग होता. अशा पाहण्यांतून दिसलं, की हाडं-सांधे-स्नायूंचं दुखणं ही खेड्यातली अगदी आघाडीची तक्रार आहे आणि ऱ्हुमॅटॉइडचा रुग्ण साधारणपणे दीडशे-दोनशे प्रौढांमागे एक सापडतो. मोठ्या गावात बहुतेक प्रत्येक आळीत एक घर आलं.

स्टिरॉइडचा आणि या आजाराचा संबंध जन्मापासूनचा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाच्या गावी मेयो क्लिनिक आहे. तिथल्या फिलिप हेंच या डॉक्टरांना १९२९ साली एक विचित्र गोष्ट दिसली. संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली आणि कावीळ असेपर्यंत त्याचे सांधे दुखायचे थांबले. पुढे गरोदर बायकांमध्येही तेच दिसलं. शरीर स्वतःच असं काहीतरी तयार करतं जे ही सूज विझवतं, असा तर्क हेंच यांनी बांधला आणि जवळजवळ वीस वर्षं त्याचा पिच्छा सोडला नाही. त्यांच्याच संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल ॲड्रिनल ग्रंथीतून एकेक द्रव्य वेगळं करत होते. त्यातल्या एकाला त्यांनी ‘ई’ हे अक्षर दिलं होतं. ते पुरेशा प्रमाणात मिळणं हीच अडचण होती. मर्क कंपनीतले लुईस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तापासून तीसहून जास्त पायऱ्यांनी ते बनवून दाखवलं. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला त्याचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. तीन-चार दिवसांत ती उठून चालू लागली आणि आठवड्याभरात गावात खरेदीला जाऊन आली. हेच कॉर्टिसोन. १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधले तादेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं.

या कथेचा हा भाग सगळे सांगतात. पुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि माझ्या आजच्या बोलण्याचं मूळ त्यात आहे. औषध थांबवलं की दुखणं परत आलं. हेंच यांनी ते लपवलं नाही. हा रोग बरा करणारा उपाय नव्हे, हे त्यांनी सुरुवातीपासून बजावलं. पण ज्यांनी आठवड्यात उठून चालणारी माणसं पाहिली त्यांना ते ऐकू येण्यासारखं नव्हतं. १९५२ साली अपजॉन कंपनीतल्या पीटरसन आणि मरे यांनी ऱ्हायझोपस जातीच्या बुरशीकडून रासायनिक साखळीतली सगळ्यात अवघड पायरी करून घेतली आणि औषध स्वस्त झालं. १९५५ मध्ये कॉर्टिसोनच्या चार-पाचपट ताकदीचं प्रेडनिसोलोन आलं. आपल्याकडे ‘वायसोलोन’, ‘ओम्नाकॉर्टिल’ अशा नावांनी मिळतं ते हेच. आणि त्याच १९५२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक इशारा छापून आला होता: बरेच दिवस कॉर्टिसोन घेतलेला एक रुग्ण, औषध बंद केल्यावर झालेल्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर, कोणत्याही उपायाला दाद न देणाऱ्या शॉकमध्ये गेला. तपासणीत त्याच्या ॲड्रिनल ग्रंथी आक्रसलेल्या निघाल्या. औषधाचा गुण आणि त्याची किंमत, दोन्ही चार वर्षांच्या आत माणसाला कळली होती. मग सत्तर वर्षांनंतरही माझ्याकडे येणाऱ्या बाईला ती कशी माहीत नसते?

कारण तिला औषधाचं नावच माहीत नसतं.

आमच्याकडे येणाऱ्या अनेकींची हकीकत इतकी सारखी असते की एक सांगितली तरी पुरे. सांधे धरतात. पहिले काही महिने तेल चोळणं, शेक, मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या. मग कुणीतरी सांगतं, अमुक गावात एक जण वाताची पुडी देतो. घरचे गाडी करून घेऊन जातात. पुडीत करड्या रंगाचं चूर्ण असतं किंवा रंगीत साध्या गोळ्या, वर ना नाव ना कंपनी. तिसऱ्या दिवशी सूज उतरते. “डॉक्टर, त्या पुडीने मी शेतात जायला लागले हो,” असं ती सांगते, आणि ते शंभर टक्के खरं असतं. पुडीत स्टिरॉइड असेल तर असंच होणार. १९४८ सालीही असंच झालं होतं. भूक वाढते, चेहरा भरतो, “तब्येत सुधारली” म्हणून शेजारीपाजारी कौतुक करतात. वर्षभराने चेहरा गोल चंद्रासारखा, मानेमागे चरबीचा उंचवटा, दंडावर जरासा धक्का लागला तरी काळेनिळे डाग, पोटावर जांभळ्या रेघा, आणि साखर वाढलेली. पुडी देणारा परगावी गेलेला असतो, पुडी संपते, आणि चार दिवसांत ती उलट्या करत, उभं राहता येत नाही अशा अवस्थेत दवाखान्यात येते.

वनौषधी म्हणून विकलेल्या मालात स्टिरॉइड सापडल्याच्या नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत वर्षानुवर्षं येत आहेत. मी हे आयुर्वेदाच्या विरोधात बोलत नाही. नाडी पाहून, पथ्य सांगून, सही करून औषध लिहिणारे वैद्य माझ्या ओळखीचे आहेत, आणि या भेसळीचा त्यांना माझ्याइतकाच संताप येतो, कारण बदनामी त्यांची होते. माझा आक्षेप निनावीपणावर आहे. वाताचं कोणतंही ‘नैसर्गिक’ औषध तीन दिवसांत सूज उतरवू लागलं आणि सोडताच दुखणं दुपटीने आलं, तर त्यात स्टिरॉइड आहे असं धरून चालावं. आणि अशी पुडी एकदम बंद करू नये. पुडीसकट डॉक्टरकडे यावं. डॉक्टर रागावतील म्हणून बऱ्याच बाया पुडीचं सांगतच नाहीत. डॉक्टर मंडळींना माझी विनंती आहे की त्यांच्यावर रागावू नका. ती पुडी तुमच्या टेबलावर आली तरच त्या बाईचा जीव वाचवण्याची सोय होते.

निनावीपणा पुडीवाल्यांपुरता नाही. आमच्या चिठ्ठ्यांवरही तो असतो. वाचता न येणारं अक्षर, त्यापुढे ‘१-०-०’, आणि खाली ‘चालू ठेवा’. किती दिवस? कुठवर? रुग्ण तीच चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जात राहतो आणि तो ओळखीचा म्हणून गोळ्या मिळत राहतात. प्रेडनिसोलोन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं औषध नाही, पट्टीवर लाल रेघ असते. पण ती चिठ्ठी दोन वर्षं जुनी आहे हे कुणी पाहत नाही. नावं वेगळी असली की लोक फसतात तेही सांगतो. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम, मेथिलप्रेडनिसोलोन ४, डेफ्लाझाकॉर्ट ६, हायड्रोकॉर्टिसोन २० आणि डेक्सामेथासोन पाऊण मिलिग्रॅम या सगळ्यांची ताकद जवळजवळ सारखी आहे. बीटामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची इवलीशी गोळीही याच माळेतली. ‘अर्ध्याच पॉवरची आहे’ म्हणून दिवसातून तीन वेळा ती घेणारा माणूस दहा-बारा मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेत असतो, आणि त्याला वाटतं की आपण बारीकशी अंगदुखीची गोळी घेतो.

आता त्या ग्रंथीकडे येतो, कारण ते समजलं की बाकीचं आपोआप लागतं.

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते. ती रोज कॉर्टिसॉल तयार करते. हे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड. पहाटे ते वाढू लागतं, सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि रात्री उतरतं. ताप आला, अपघात झाला, शस्त्रक्रिया झाली की ग्रंथी काही पटींनी जास्त कॉर्टिसॉल सोडते. रक्तदाब टिकतो तो त्याच्या बळावर. किती तयार करायचं याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो. बाहेरून गोळी आली की पिट्युटरीला वाटतं, रक्तात पुरेसं आहे, आणि हुकूम थांबतो. तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस हे चाललं की ग्रंथी मंदावते, महिनोन्‌महिने चाललं की आक्रसते. वर्षभर गोठ्यात बांधून ठेवलेल्या बैलाला एका सकाळी एकदम नांगराला जुंपलं तर तो तासाच्या मध्येच बसतो. त्यात बैलाचा दोष नसतो, आणि त्याला मारून तो उठतही नाही. रोज थोडं-थोडं चालवून त्याला पुन्हा कामाला लावावं लागतं.

म्हणून सांगतो, स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णाला मी पुडीवाल्याइतकंच ज्या माणसापासून जपतो तो म्हणजे त्याचा मायाळू नातेवाईक. मुंबईहून दिवाळीला आलेला भाचा मोबाइलवर वाचतो, “मामी, हे तर स्टिरॉइड आहे! आजच बंद कर.” त्याचं प्रेम खरं असतं, भीतीही खरी असते. पण वर्षभर रोज दहा मिलिग्रॅम घेणाऱ्या मामीने ते एका दिवसात सोडलं तर तिला जीवघेणा धक्का बसू शकतो. आधी गळून गेल्यासारखं वाटतं, अन्नावरची वासना जाते, मळमळ, उलट्या, पोटदुखी, उठताना भोवळ, मग रक्तदाब कोसळतो आणि माणूस भ्रमात जातो. हे सगळं ‘पित्त झालंय’ किंवा ‘उन्हाचा त्रास’ म्हणून अंगावर काढलं जातं. याला ॲड्रिनल क्रायसिस म्हणतात. यावरचा उपाय साधा आहे: हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, सलाइन आणि ताबडतोब दवाखान्यात भरती. हे इंजेक्शन दुर्मिळ किंवा महाग नाही. समोर पडलेल्या माणसाला ते हवंय हे डॉक्टरला सुचण्यासाठी कुणीतरी सांगावं मात्र लागतं, की याला स्टिरॉइड चालू होतं.

यातूनच आजारपणाचा नियम येतो. ताप आला, जुलाब लागले, दात काढायचा असला, शस्त्रक्रिया ठरली, तर त्या दिवसांत स्टिरॉइड बंद करायचं नाही. उलट, कमी डोस चालू असेल तर तो सहसा दोन-तीन दिवसांसाठी वाढवावा लागतो. पाच मिलिग्रॅम चालू असलेल्याला ताप असेपर्यंत दहा. हे आकडे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, तापाने फणफणल्यावर विचारू नका. आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकतच नसेल, तर घरी थांबू नका. तिथे इंजेक्शनच लागतं. उपवासाच्या दिवशी गोळी चुकवणाऱ्या पुष्कळ बाया आहेत. आषाढी, महाशिवरात्र, नवरात्राचे नऊ दिवस. पाण्याबरोबर घेतलेल्या औषधाने उपवास मोडत नाही असं मी त्यांना सांगतो. साबुदाण्याची खिचडी चालते, तर गोळीचं एवढं काय!

उतरवायचं कसं? वरच्या डोसवरून थोडं लवकर खाली येता येतं. पाच मिलिग्रॅमच्या आसपास आलं की पाय आवरायचा. शरीराची रोजची स्वतःची गरज तेवढीच असते, म्हणजे त्याखालची प्रत्येक पायरी ग्रंथीने भरून काढायची असते. तिथे महिन्याला एक मिलिग्रॅम, कधी त्याहूनही सावकाश. मध्येच ग्रंथी जागी झाली का हे पाहायचं असेल, तर सकाळी आठ-नऊला, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी रक्तातलं कॉर्टिसॉल तपासता येतं. ते डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर असलं तर ग्रंथी सावरली. ५ च्या खाली असलं तर थांबायचं, काही महिन्यांनी पुन्हा पाहायचं.

या उतरणीवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दुखण्याचा. डोस कमी केला आणि अंग दुखायला लागलं. आजार परतला, की ग्रंथी अजून झोपेत आहे? दोन्हींचं उत्तर वेगळं आहे. आजार परतला असेल तर सांधे सुजतात, हाताला गरम लागतात, सकाळची आखड पुन्हा तासाच्या पुढे जाते, रक्तातला सूज दाखवणारा सीआरपी वाढतो. ग्रंथीचं असेल तर सांधे जागच्या जागी, पण सगळं अंग मोडून आल्यासारखं, थकवा, उदासपणा, भूक नाही. पहिल्यासाठी संधिवाताचं मूळ औषध वाढवावं लागतं. दुसऱ्यासाठी एक पायरी वर जाऊन पुन्हा सावकाश उतरावं लागतं. हा फरक न करता ‘दुखतंय ना, मग वाढवा’ असं केलं की वर-खाली करण्यातच वर्षं जातात, आणि या वर्षांत हाडं झिजतात.

हाडांचं तर थांबून सांगायला हवं, कारण ते नुकसान दुखत नाही. स्टिरॉइड सुरू झाल्यावर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत हाडांचा ऱ्हास सगळ्यात वेगाने होतो. ‘वर्षभराने बघू’ म्हणण्यात तोच काळ निघून जातो. आपल्या बायकांची हाडं आधीच कमजोर असतात. पाळी लवकर जाते, दुधाचा कप घरातल्या बाकीच्यांना पुरवून उरला तर तिच्या वाट्याला, ऊन असूनही अंगाला लागत नाही. तीन महिन्यांहून जास्त, अगदी अडीच मिलिग्रॅमही चालणार असेल, तर हाडांचा विचार पहिल्याच दिवशी व्हायला हवा: कॅल्शियम अन्नातून आणि गोळीतून मिळून दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम, ‘ड’ जीवनसत्त्व, गरज असेल तर आठवड्याला एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी. ही गोळी उपाशीपोटी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाचणीची भाकरी, तीळ, दही हे आपल्या घरातलंच. पाठीचा मणका दबल्यावर उंची कमी होते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. माणूस वाकला की त्याला म्हातारपण म्हणून सोडून देतो आपण.

मांड्यांचे स्नायूही जातात. बाई उकिडवी बसली की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठत नाही, तेव्हा सगळे गुडघ्यांना दोष देतात. गुडघा दुखत नसेल आणि तरीही उठता येत नसेल, तर तो गुडघ्याचा नाही, स्टिरॉइडने आलेला अशक्तपणा असू शकतो. जांघेत, चालताना एकाच बाजूला खोल कळ येत असेल, तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडतोय का हे एमआरआय करून लवकर पाहावं.

डोळे वर्षातून एकदा: मोतीबिंदूसाठी, आणि डोळ्यातल्या दाबासाठीही. काचबिंदू न दुखता नजर खातो. सोबत वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर जठर सांभाळावं लागतं. झोप उडू नये म्हणून गोळी सकाळी नाश्त्यानंतर. काहींचा स्वभाव अचानक चिडचिडा होतो, रडू येतं. घरच्यांनी ते औषधाच्या खात्यावर टाकावं, माणसाच्या नाही.

साखरेची एक खूण मात्र लक्षात ठेवा. सकाळी गोळी घेतली की साखर दुपारनंतर वाढते आणि रात्रीतून उतरते. त्यामुळे उपाशीपोटीची तपासणी नॉर्मल येते आणि सगळे निश्चिंत होतात. स्टिरॉइड घेणाऱ्याची साखर दुपारी, जेवणानंतर दोन तासांनी तपासायला हवी.

जंतुसंसर्गाबद्दल आपल्याला वेगळं सांगायची गरज नसावी. २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीतून कळलं की ज्यांना ऑक्सिजन लागतोय अशा कोविडच्या रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचतात. डोस दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांनाही ते दिलं गेलं, जास्त दिवस आणि जास्त डोसात, साखर न पाहता. मग म्यूकरमायकोसिस आला. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा काढावा लागला. हा आजार करणाऱ्या बुरश्यांमध्ये सर्वांत जास्त आढळणारी बुरशी ऱ्हायझोपस जातीचीच. १९५२ साली जिच्या करणीने स्टिरॉइड स्वस्त झालं, त्याच कुळातली. तेव्हा कुणालाही याची कल्पना येणं शक्य नव्हतं. २०२१ मध्ये डोस आणि दिवस मोजणं मात्र शक्य होतं.

आपल्या देशात याहून जुना प्रश्न टीबीचा आहे. छातीत वर्षानुवर्षं झोपलेले जंतू दीर्घ स्टिरॉइडने जागे होतात. आणि स्टिरॉइड ताप दाबतं, म्हणून टीबीचा तो हलका संध्याकाळचा तापही दिसत नाही. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, घरात कुणाला टीबी होता का हा प्रश्न, हिपॅटायटिस ‘बी’ची तपासणी, आणि शक्य तिथे न्यूमोनिया व फ्लूच्या लसी. जिवंत जंतूंच्या लसी मात्र मोठा डोस चालू असताना घ्यायच्या नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा अंगावर नागीण उठली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे.

एवढं सगळं ऐकल्यावर कुणालाही वाटेल, मग ही गोळी देताच कशाला? देतो, कारण संधिवाताचं मूळ औषध लागू पडायला वेळ लागतो. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ‘एकदाच’ यावर मी नेहमी जोर देतो, रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. त्याचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढ्या काळात बाईची नोकरी जाऊ नये, लेकरू उचलता यावं, सांधा कायमचा वाकडा होऊ नये, यासाठी थोडं स्टिरॉइड. युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांचा सल्ला हाच आहे: द्यायचं तर थोडकं, आणि तीन महिन्यांच्या आत खाली आणायचं. पण शास्त्राचा निवाडा इतका एकपदरी नाही. १९९५ साली ब्रिटनमध्ये जॉन कर्वन यांनी दाखवलं की रोज साडेसात मिलिग्रॅमने आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सांध्यांची झीज दोन वर्षं मंदावते. २०२२ मध्ये नेदरलँड्समधून निघालेल्या ‘ग्लोरिया’ चाचणीत पासष्टीच्या वरच्या रुग्णांना दोन वर्षं रोज पाच मिलिग्रॅम दिलं, तेव्हा आजार आटोक्यात राहिला, सांध्यांचं नुकसानही कमी झालं. त्रास मात्र वाढले, मुख्यतः जंतुसंसर्ग. म्हणजे पाच मिलिग्रॅमवर स्थिर असलेली सत्तरीची आजी हे कुणाचंही अपयश नाही. तिची हाडं, डोळे, साखर कुणीतरी पाहत असेल, आणि आपण हे का घेतो ते तिला माहीत असेल, तर ती योग्य उपचार घेते आहे.

मात्र सगळीकडे असं निवडून घेतलेलं नसतं. बरेच रुग्ण स्टिरॉइडवर राहतात ते इलाज म्हणून नव्हे, परवडतं तेवढंच म्हणून. प्रेडनिसोलोन चहाच्या कपाहून स्वस्त पडतं. मेथोट्रेक्झेटसुद्धा महाग नाही. पण त्याच्याबरोबर दर दोन-तीन महिन्यांनी यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी लागते, त्यासाठी तालुक्याला जायचं भाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. नव्या औषधांची तर बातच सोडा, जरी टोफासिटिनिबसारख्या काहींची भारतीय जेनेरिक आता बाजारात आहेत. ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा संधिवाताचं वेगळं बाह्यरुग्ण, तिथेच रक्ततपासणी, तिथेच मेथोट्रेक्झेट, एवढं झालं तर कित्येक बाया स्टिरॉइडवरून उतरतील. ही मागणी मी डॉक्टर म्हणून करतो, तशीच कर भरणारा नागरिक म्हणूनही करतो. इथे जिल्हा परिषदेचे सदस्य बसलेले आहेत, त्यांच्यापर्यंत ती पोहोचली असं मी धरतो.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. ब्रिटनमध्ये २०२० पासून दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांना आणीबाणीचं एक कार्ड देतात. तसं मराठीतलं कार्ड आम्ही छापून आणलं आहे. ते बाहेर पुस्तकांच्या टेबलावर आहे. त्यावर रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, कधीपासून चालू, सध्याचा डोस, डॉक्टरांचा फोन, आणि ठळक अक्षरांत एवढंच: ‘मला दीर्घकाळ स्टिरॉइड चालू आहे. ते अचानक बंद करू नये. उलट्या, बेशुद्धी किंवा मोठा अपघात असल्यास ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम द्यावे.’ ते आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा, कारण दवाखान्यात पहिल्यांदा आधारच मागतात. मागच्या बाजूला उतरणीचा तक्ता आहे, महिना आणि डोस असे दोन रकाने. तो सुरुवातीलाच डॉक्टरांकडून भरून घ्या. त्यांनी ‘पुढे बघू’ म्हटलं तर निदान पुढच्या भेटीची तारीख लिहून घ्या. आणि माझं हे ऐकून उद्या सकाळी कुणीही स्वतःहून डोस बदलू नये.

डोसाच्या रकान्यात पेन्सिलीने लिहा, तो बदलणार आहे. आता प्रश्न घेऊ. ज्यांनी घरून गोळ्यांच्या पट्ट्या किंवा पुड्या आणल्या असतील त्यांनी त्या इथे टेबलाजवळ आणाव्यात, मी त्या एकेक पाहतो.